एकेका हंगामाचा करार

व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणून मी १३ हंगाम खेळलो. त्यांपैकी तीन दुसऱ्या डिव्हिजनमध्ये आणि उरलेले दहा तिसऱ्या डिव्हिजनमध्ये गेले. पहिल्या डिव्हिजनच्या संघांशी गाठ पडली ती फक्त चषक स्पर्धेत, दोन वेळा, आणि दोन्ही वेळा आम्ही हरलो. सात क्लब, दहा करार, गुडघ्याची एक शस्त्रक्रिया, २६८ सामने आणि ११ गोल, त्यांतले चार पेनल्टीवर, एवढा माझा जमाखर्च. मधल्या फळीत खेळणाऱ्याच्या नावावर गोल कमी असणे समजण्यासारखे आहे, पण ११ हा आकडा त्या मानानेही लहान आहे, हे मी आधीच कबूल करून टाकतो.

टीव्हीवर दिसणाऱ्या फुटबॉलमुळे लोकांची अशी समजूत होते की व्यावसायिक खेळाडू म्हणजे ज्याच्यासाठी एक क्लब दुसऱ्याला पैसे मोजतो तो. माझ्यासाठी कोणी कोणाला कधी काही मोजले नाही. करार संपला की मी मोकळा होत असे, आणि मोकळ्या खेळाडूसाठी आधीच्या क्लबला काही द्यावे लागत नाही, म्हणूनच पुढचा क्लब मला घेत असे. याची दुसरी बाजू मला फार उशिरा कळली. करार चालू असलेला खेळाडू पैसे मोजून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला, तर त्या रकमेतले ५ टक्के, वयाच्या १२ ते २३ या वर्षांत त्याला ज्या ज्या क्लबांनी घडवले त्यांना वाटून द्यावे लागतात, असा फिफाचा नियम आहे. मी कायम फुकट गेलो, त्यामुळे ज्या छोट्या क्लबने मला सात वर्षे शिकवले त्याच्या पदरात माझ्यापोटी काहीही पडले नाही.

त्या क्लबात मी बाराव्या वर्षी दाखल झालो तो आघाडीचा खेळाडू म्हणून. पंधराव्या वर्षी बरोबरीची मुले उंच झाली, मी झालो नाही, आणि प्रशिक्षकांनी मला मागे, मधल्या फळीत आणले. "तू पळतोस चांगला, पण तुझी नजर चेंडूला चिकटलेली असते," असे म्हणून त्यांनी माझ्यासाठी एक खेळ शोधून काढला. माझ्याकडे पास येत असताना पाठीमागे उभा असलेला मुलगा हाताची काही बोटे वर करायचा आणि चेंडू पायाला लागण्याच्या आत ती किती आहेत हे मी ओरडून सांगायचे. पहिले काही आठवडे बोटे मोजण्याच्या नादात चेंडू पायाखालून निसटे, आणि चेंडू अडवला तर बोटांचा आकडा चुके. हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. चेंडू कोणाच्या तरी पायातून नुकताच सुटलेला असतो तेव्हा पुढचा अर्धा-एक सेकंद तो आपली वाट सोडत नाही; मागे पाहून घ्यायचे ते तेव्हाच. तो कोणाच्या पायाशी असताना मान वळवली तर त्याच क्षणी तो भलतीकडे मारला जाऊ शकतो. एवढे उमगल्यावर मान आपोआप वळू लागली.

पुढे कित्येक वर्षांनी कळले की नॉर्वेचे संशोधक गेइर योर्डेट यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील खेळाडूंचा नेमका याच दृष्टीने अभ्यास केला आहे, आणि चेंडू येण्याआधी जे अधिक वेळा मान वळवून पाहतात त्यांचे पास अधिक प्रमाणात नेमक्या जागी पोहोचतात असे त्यांना आढळले आहे. स्पेनचा मिडफिल्डर शावी याचे नाव या बाबतीत नेहमी घेतले जाते. आमच्या प्रशिक्षकांनी तो अभ्यास वाचला असण्याची शक्यता नाही. तो तोवर प्रसिद्धच झाला नव्हता.

पण खालच्या डिव्हिजनमध्ये शावीसारखे खेळायला चेंडू जमिनीवर असावा लागतो, आणि तो फार वेळ तिथे नसतो. मैदाने असमान असतात, हंगामाच्या सुरुवातीला टणक आणि पावसाळी दिवसांत गुळगुळीत; बचावपटूने पायाशी चेंडू खेळवत बसावे अशी तिथे स्थिती नसते. गोलरक्षक किंवा बचावपटू चेंडू लांब मारतो, मध्यावर दोन उंच माणसे त्यासाठी उडी मारतात, आणि त्यांच्या डोक्यावरून उडून तो जिथे पडतो त्याला आम्ही 'सेकंड बॉल' म्हणत असू. तो मिळवणे हे माझे खरे काम होते. त्यासाठी चेंडूकडे नव्हे, उडी मारणाऱ्यांच्या पायांकडे पाहावे लागते. जो मागे सरकत उडी मारतो त्याच्या डोक्यात जोर नसतो, त्याचा हेडर चार-पाच मीटरवर मरून पडतो; जो धावत येऊन उडतो त्याचा पंधरा-वीस मीटर जातो; आणि दोघे एकमेकांना रेटत जागच्या जागी उडाले तर चेंडू बहुधा दोघांच्या मागे जातो. ही विद्या मला कोणी शिकवली नाही. पहिले दोन हंगाम चुकीच्या जागी उभे राहून ती अंगी आली. प्रेक्षकांना यातले काही दिसत नाही, कारण योग्य जागी उभा असलेला माणूस चेंडू मिळवताना फारसा पळत नाही. २०१५ मध्ये सामन्यात अंगावर मोजमापाची यंत्रे घालायला परवानगी मिळाली आणि पुढे आमच्याकडेही खांद्यांच्या मध्ये जीपीएसचा तुकडा बसवलेल्या बंड्या आल्या, तेव्हा माझा आकडा सामन्याला ११ किलोमीटरच्या आसपास निघे. एका प्रशिक्षकाने दुसऱ्या मिडफिल्डरचा १२ किलोमीटरचा आकडा सर्वांसमोर वाचून त्याचे कौतुक केले होते. माझे मत असे की तो बिचारा एक किलोमीटर आपल्याच चुका निस्तरण्यासाठी पळत होता.

पहिला करार मला एकोणिसाव्या वर्षी, एका निवड चाचणीतून मिळाला. चाळीसेक मुले होती, प्रत्येकाच्या छातीवर क्रमांक होता, आणि पाच दिवसांत कोणी कोणाचे नाव विचारले नाही. माझ्या जागी खेळणाऱ्या १४ क्रमांकाच्या मुलाचा घोटा चौथ्या दिवशी मुरगळला. तो माझ्याहून चांगला होता, असे मला तेव्हाही वाटत होते. पाचव्या दिवशी मला थांबायला सांगितले. आधी डॉक्टरांची तपासणी झाली: हृदयाचा आलेख, रक्त, आणि मग बराच वेळ दोन्ही गुडघे वेगवेगळ्या दिशांनी ओढून पाहणे. कागद त्यानंतर पुढे आला. हा क्रम उगाच नसतो, हे मला नंतर समजले. फिफाच्या नियमानुसार एकदा सही झाल्यावर 'वैद्यकीय तपासणीत पास झालास तरच करार लागू' अशी अट क्लबला घालता येत नाही, म्हणून शहाणे क्लब सहीपूर्वीच सगळे तपासून घेतात.

करार पाच पानांचा होता आणि मी तो उभ्याउभ्या सही केला. एका वर्षाचा, आणि पुढे आणखी एक वर्ष 'क्लबच्या इच्छेनुसार'. या दोन शब्दांचा अर्थ असा होता की मी चांगला खेळलो तर त्याच पगारावर क्लब मला ठेवून घेणार आणि वाईट खेळलो तर सोडून देणार. मला मात्र कोणतीच निवड नव्हती. मैदानावर चेंडू येण्यापूर्वी मागे कोण उभे आहे हे पाहायला शिकलेल्या मला कागद पायाशी आल्यावर मान वर करण्याचे सुचले नाही. क्लबने ते दुसरे वर्ष वापरले, आणि त्या वर्षाच्या मध्यावर नवा प्रशिक्षक आल्यावर मला लोनवर, म्हणजे काही काळापुरते उसने, दुसऱ्या क्लबकडे धाडले. लोनविषयी सांगण्यासारखे फार नाही. पगार एकाचा, गणवेश दुसऱ्याचा, आणि चार महिन्यांसाठी आलेल्या माणसाची फ्री किकची पाळी कधी येत नाही.

हंगाम संपल्यावरचा एक विधी मात्र सगळीकडे सारखाच असे. कार्यालयाबाहेरच्या बाकावर आम्ही ओळीने बसत असू आणि एकेकाला आत बोलावले जाई. आत प्रशिक्षक, क्लबचे सचिव आणि टेबलावर नावांची यादी. मला सर्वांत कमी वेळ लागला तो दोन मिनिटे. बसण्याची गरज नव्हती, पण मी बसलो, कारण खुर्ची पुढे केली होती. 'तुझ्या मेहनतीबद्दल तक्रार नाही' हे वाक्य आले की समजावे, नाव यादीत नाही. ज्यांना ठेवायचे असते त्यांच्या मेहनतीबद्दल कोणी बोलत नाही, त्यांच्याशी सरळ पगारावर बोलणी सुरू होतात. बाहेर बाकावर बसलेले आत गेलेल्याचा चेहरा पाहत नसत. उलट, दार उघडले की सगळेजण मोबाइलमध्ये डोके घालत.

या बाकाचा विचार करताना मला झाँ-मार्क बोस्मानची आठवण येते, कारण तोही मधल्या फळीतलाच खेळाडू होता. बेल्जियममधील लिएजच्या क्लबशी असलेला त्याचा करार १९९० मध्ये संपला, तरी त्याला फ्रान्समधील डंकर्कच्या क्लबकडे जाता आले नाही, कारण करार संपल्यावरही त्याच्यासाठी पैसे मागण्याची तेव्हा रीत होती. तो न्यायालयात गेला, आणि १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने करार संपलेल्या खेळाडूसाठी असे पैसे मागणे बेकायदा ठरवले. त्या निकालाने मोठ्या खेळाडूंचे पगार वाढले असे सर्वत्र लिहिले जाते आणि ते खरे आहे. आमच्या पायरीवर मात्र त्या स्वातंत्र्याचा अर्थ निराळा होता. मी मोकळा होतो, तसेच बाकावरचे आम्ही सगळेच मोकळे होतो, आणि एका जागेसाठी दहा मोकळी माणसे असली की वर्षाहून लांब करार देण्याचे क्लबला कारण उरत नाही. करार संपायला सहा महिने उरले की खेळाडूला इतर क्लबांशी करार करता येतो, असाही नियम आहे. जानेवारी उजाडताच मला फोन येतील अशी पहिल्या वर्षी माझी अपेक्षा होती. दुसऱ्या वर्षापासून मीच फोन करू लागलो.

प्रत्येक ड्रेसिंग रूममध्ये एन्गोलो कांतेची गोष्ट सांगितली जाई. २०१२–१३ मध्ये तो फ्रान्सच्या तिसऱ्या श्रेणीत बुलोन्यकडून खेळत होता, २०१६ मध्ये लेस्टरकडून इंग्लंडचा विजेता झाला आणि २०१८ मध्ये विश्वविजेता. तो बुलोन्यमध्ये खेळत होता तेव्हा मीही तिसऱ्या डिव्हिजनमध्येच खेळत होतो, आणि आमची उंचीही जवळजवळ सारखीच. प्रशिक्षक ही गोष्ट सांगत ती हुरूप वाढवण्यासाठी, पण ती इतक्या वेळा सांगावी लागते याचे कारण तशी दुसरी चटकन सापडत नाही, हे आम्हाला न कळण्याइतके आम्ही लहान नव्हतो.

चौथ्या हंगामात, मार्चमध्ये, माझा उजवा गुडघा गेला. मैदान कृत्रिम गवताचे होते, ज्यात रबराचे काळे दाणे भरलेले असतात आणि सामन्यानंतर दोन दिवस ते बुटांतून, मोज्यांतून, कानांतूनसुद्धा निघत राहतात. माझ्या जवळ कोणीही नव्हते. मी सेकंड बॉलकडे जाता जाता दिशा बदलली, पाय गवतात रुतून राहिला आणि शरीर वळले. आवाज झाला, ओली काडी मोडावी तसा. मी उठलोही, चार पावले चाललोही, आणि पाचव्या पावलाला गुडघा स्वतःच्याच जागेवर नसल्यासारखा बाजूला घसरला. एमआरआयमध्ये गुडघ्याची हाडे बांधून ठेवणारा पुढचा क्रूसिएट लिगामेंट पूर्ण तुटलेला निघाला. करार संपायला तेव्हा साडेतीन महिने उरले होते.

शस्त्रक्रियेत मांडीच्या मागच्या स्नायूंचे दोन कंडरे काढून त्यांचा नवा लिगामेंट केला. वेदनेची मी तयारी ठेवली होती. ज्याची ठेवली नव्हती ती गोष्ट दुसऱ्या दिवशी घडली. फिजिओने गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि सांगितले, "गुडघा खाली दाब, टॉवेल चेप." मी दाबला. काही झाले नाही. मांडीचा पुढचा स्नायू, जो मी दहा-बारा वर्षे रोज वापरला होता, तो माझे ऐकेना. मी कपाळाला आठ्या घालून, दात आवळून प्रयत्न करत होतो आणि मांडी मऊ, सैल पडून होती. फिजिओने माझा हात तिच्यावर ठेवून घेतला, म्हणजे किंचित हालचाल झाली तर मला कळेल. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हाताखाली काहीतरी थरथरले. त्या थरथरीचा मला कोणत्याही गोलपेक्षा जास्त आनंद झाला होता, आणि माझे गोल पाहता ही काही फार मोठी तुलना नाही.

क्लबने शस्त्रक्रियेचा खर्च केला आणि ३० जूनपर्यंत फिजिओही दिला. १ जुलैला मी क्लबचा नव्हतो. कोणी वाईट वागले असे मी म्हणणार नाही. करारात तारीख होती आणि ती आली. पुढचे सहा महिने मी स्वतःच्या खर्चाने व्यायाम केला. नऊ महिन्यांच्या आत मैदानावर परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका बराच अधिक असतो, असे शल्यविशारदांनी बजावले होते, आणि सहाव्या महिन्यात पाय इतका बरा वाटू लागतो की नेमके तेव्हाच ते बजावणे विसरावेसे वाटते. मला तेव्हा एका क्लबने लगेच खेळण्यासाठी बोलावले होते. मी नाही म्हटले. तेरा वर्षांत स्वतःच्या बळावर घेतलेल्या ज्या निर्णयांचे मला समाधान आहे, त्यांत याचा पहिला क्रमांक लागतो. जानेवारीत दुसऱ्या एका क्लबने हंगामाअखेरपर्यंतचा, पाच महिन्यांचा करार दिला.

त्यानंतरची तीन वर्षे दुसऱ्या डिव्हिजनमध्ये गेली आणि ती सर्वांत चांगली होती, म्हणून त्यांबद्दल लिहिण्यासारखे थोडेच आहे. पगार वेळेवर होत असे, मैदान हिरवे होते, आणि माझ्या शेजारी खेळणारा मिडफिल्डर इतका बोलका होता की मला मान वळवण्याची गरज निम्मी उरली. "मागे माणूस", "वेळ आहे", "वळ" एवढ्या तीन हाकांत तो मला सगळे मैदान दाखवत असे.

नवव्या हंगामात, २०१८ मध्ये, मी पुन्हा खाली आलो. कारण तिथे मला दोन वर्षांचा करार मिळत होता. त्या क्लबचे नाव लिहीत नाही. ऑगस्टचा पगार झाला, सप्टेंबरचा झाला नाही, ऑक्टोबरचाही झाला नाही. 'पुढच्या आठवड्यात' हे उत्तर आम्ही इतक्या वेळा ऐकले की सरावात कोणी पास द्यायला उशीर केला तरी मुले 'पुढच्या आठवड्यात' म्हणून ओरडत. व्यावसायिक खेळाडूंची आंतरराष्ट्रीय संघटना फिफप्रोने २०१६ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत, ४१ टक्के खेळाडूंनी आधीच्या दोन हंगामांत पगार उशिरा मिळाल्याचे सांगितले होते. तो आकडा मी तेव्हा वाचला असता तर इतका काळ लाजत बसलो नसतो. पगार मागायला आम्हाला लाज वाटत होती, हे आज विचित्र वाटते.

नोव्हेंबरचाही पगार बुडाल्यावर मी खेळाडूंच्या संघटनेकडे गेलो. तिथल्या वकिलांनी मला जे समजावले ते मी इथे सविस्तर लिहितो, कारण ते आधी माहीत असते तर माझा एक महिना वाचला असता. २०१८ च्या जूनपासून फिफाच्या नियमांत असे कलम आहे की क्लबने किमान दोन महिन्यांचा पगार बेकायदेशीरपणे थकवला, खेळाडूने लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवसांची मुदत दिली, आणि त्या मुदतीतही क्लबने देणे पूर्ण केले नाही, तर खेळाडूला न्याय्य कारणाने करार मोडता येतो. आमच्या देशाच्या फुटबॉल महासंघाच्या नियमांतही तोच आशय होता. नोटीस दीड पानाची झाली. तीत रागाचा एकही शब्द नव्हता. महिना, देय तारीख, रक्कम, एकूण रक्कम, खात्याचा तपशील आणि मुदत, एवढेच. ती पोस्टाने पोच घेऊन आणि ई-मेलने, अशी दोन्ही मार्गांनी पाठवली.

"आता हे १५ दिवस सरावाला एकदाही चुकायचे नाही," वकील म्हणाले. मी गैरहजर राहिलो असतो तर करार मीच मोडला असे क्लबला म्हणता आले असते. दुसऱ्याच दिवशी मला मुख्य संघातून काढून मुलांच्या संघाबरोबर सराव करायला लावले. मी रोज वेळेच्या अर्धा तास आधी जाई, आणि एका वहीत तारीख, येण्याची वेळ, जाण्याची वेळ आणि कोण हजर होते ते लिहून ठेवी. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांमध्ये तिशीकडे झुकलेला मी एकटा. ती मला 'सर' म्हणू लागली, ते मला सर्वांत जास्त लागले. अकराव्या दिवशी खात्यात थोडी रक्कम आली, सप्टेंबरच्या पगाराच्या निम्मी. हाही एक डाव असतो. थकबाकी दोन महिन्यांच्या खाली आली की आमचे कलम लंगडे पडते. पण आमची अजून अडीच महिन्यांची शिल्लक होती. सोळाव्या दिवशी सकाळी करार मोडल्याचे पत्र गेले.

पुढचा पेच नोंदणीचा होता. एका हंगामात खेळाडूची नोंदणी तीन क्लबांकडे होऊ शकते, पण अधिकृत सामने दोनच क्लबांकडून खेळता येतात. एक क्लब मी वापरून टाकला होता, म्हणजे जानेवारीत चूक केली तर उरलेला हंगाम घरी. या वेळी मी करार बसून वाचला, घरी नेला, पुन्हा वाचला, आणि 'क्लबच्या इच्छेनुसार' हे शब्द खोडून 'दोन्ही पक्षांच्या लेखी संमतीने' असे करून मागितले. सचिवांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले आणि करून दिले. इतके सोपे होते. थकलेल्या पगाराचा निकाल चौदा महिन्यांनी माझ्या बाजूने लागला. रकमेचे दोन हप्ते आले, तिसरा अजून यायचा आहे.

त्या शेवटच्या क्लबात मी साडेचार वर्षे राहिलो. दहावा हंगाम कोरोनाच्या साथीमुळे मार्चमध्येच थांबला. खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा तीनऐवजी पाच बदली खेळाडूंना परवानगी मिळाली होती, जी २०२२ मध्ये कायम झाली, आणि तिशी ओलांडलेल्या मिडफिल्डरला या नियमाने दोन वर्षे जास्त दिली असे मी म्हणेन. पूर्वी साठाव्या मिनिटाला दमलेला माणूस निकालापर्यंत लपून खेळत राही, कारण ती तीन नावे बहुधा दुखापतींसाठी आणि आघाडीच्या खेळाडूंसाठी राखून ठेवलेली असत. आता फलकावर माझा आकडा साठाव्या मिनिटाला झळके आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. मला मात्र पहिल्या काही वेळा वाटले. उतरताना मी मुद्दाम लांबच्या बाजूने चालत गेलो होतो आणि पंचांनी जवळच्या रेषेवरून बाहेर जायला सांगितले. तोही नियम २०१९ मध्ये बदलला होता.

शेवटच्या हंगामात दुपारी प्रशिक्षणाचा सी परवाना घेण्यासाठी वर्ग केले. सकाळी खेळाडू आणि दुपारी विद्यार्थी, असे आठ महिने गेले. मे महिन्यात मी त्याच त्या बाकावर बसलो. मला तिसऱ्या नावानंतर बोलावले. प्रशिक्षक माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे होते, आम्ही एकदा एकमेकांविरुद्ध खेळलो होतो. त्यांनी मेहनतीचे वाक्य उच्चारण्यापूर्वीच मी म्हणालो, "सर, मला कळलं आहे." ते हसले आणि खुर्चीवरून उठून त्यांनी हात पुढे केला.

त्यानंतर गणवेश परत करायचा असतो. सामानाच्या खोलीतल्या वयस्क माणसाला आम्ही सगळे काका म्हणत असू. त्यांच्याकडे छापील यादी होती: सरावाचे शर्ट तीन, चड्ड्या तीन, पावसाळी जाकीट एक, मोजे चार जोड. त्यांनी एकेक वस्तू झटकून, उलटीसुलटी करून पाहिली आणि पेन्सिलीने खूण केली. मोजे सात निघाले. मी पिशवी पुन्हा उपडी केली, तळाशी रबराचे काळे दाणे तेवढे होते. काकांनी यादीकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि चारच्या पुढेही खूण करून कागद सहीसाठी माझ्याकडे सरकवला. मी तो दोन्ही बाजूंनी वाचला आणि मग सही केली.